२४ पदकं २८च्या वर कशी? आशियाई अ‍ॅथलेटिक्सचा पदकतक्ता समजून घेताना

मे २०२५च्या अखेरीला दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं तिथं ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. आष्टीपासून परळीपर्यंत पोरांच्या स्टेटसला तोच फोटो लागला. भारताला २४ पदकं मिळाली आणि देश दुसरा आला, हेही छापून आलं.

मग प्रश्न सुरू झाले. भरतीची तयारी करणाऱ्या एका पोरानं विचारलं, "सर, जपानला २८ पदकं आणि आपल्याला २४, तरी आपण वर कसे?" दुसऱ्यानं त्याहून अवघड विचारलं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अविनाश अकरावा आला होता, तेव्हाची त्याची वेळ गुमीतल्या सुवर्णाच्या वेळेपेक्षा चांगली होती. मग पहिला कधी म्हणायचा आणि अकरावा कधी? आणि तिसरा प्रश्न सगळीकडंच होता: हे एशियाड आहे का?

तिन्ही प्रश्न चांगले आहेत. पेपरात रंग छापून येतो, आकडा येत नाही, आणि आला तरी तो कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही स्पर्धा नेमकी कोणती?

एशियाड नव्हे. एशियाड म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा. ती चार वर्षांतून एकदा होते आणि तिच्यात कबड्डीपासून नेमबाजीपर्यंत सगळे खेळ असतात. साबळेनं तिथंही सुवर्ण जिंकलंय, २०२३मध्ये चीनच्या हांगझोऊत.

गुमीला झाली ती फक्त अ‍ॅथलेटिक्सची. अ‍ॅथलेटिक्स म्हणजे धावणं, चालणं, उड्या आणि फेकी. जगभरात या खेळाचा कारभार वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स ही संघटना बघते. तिनं जगाचे सहा विभाग केलेत आणि प्रत्येक विभागाची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा असते. आशियाची पहिली स्पर्धा १९७३मध्ये फिलिपिन्समध्ये झाली. ती साधारण दर दोन वर्षांनी होते. २०१३मध्ये ती पुण्याला बालेवाडीतच झाली होती, तेव्हा घरच्या मैदानावर भारताला दोनच सुवर्णं मिळाली होती. गुमीतली आठ त्या मानानं कितीतरी मोठी झेप आहे.

२४ वर आणि २८ खाली, ते कसं?

स्पर्धा संपली तेव्हाचा तक्ता असा होता. चीन पहिला: १९ सुवर्ण, ९ रौप्य, ४ कांस्य, एकूण ३२. भारत दुसरा: ८ सुवर्ण, १० रौप्य, ६ कांस्य, एकूण २४. जपान तिसरा: ५ सुवर्ण, ११ रौप्य, १२ कांस्य, एकूण २८.

तक्ता लावताना आधी फक्त सुवर्णं बघतात. ज्याची जास्त तो वर. सुवर्णं सारखी असतील तरच रौप्यं मोजायची, तीही सारखी असतील तर कांस्यं. एकूण बेरीज बाजूला लिहिलेली असते, पण क्रमाशी तिचा काही संबंध नसतो. म्हणजे एखाद्या देशानं एकच सुवर्ण जिंकलं आणि दुसऱ्यानं सुवर्णाविना वीस रौप्यं जिंकली, तर एक सुवर्णवालाच वर बसणार.

हे न्याय्य आहे का, यावर भांडण जुनं आहे. अमेरिकेतली बरीच वर्तमानपत्रं एकूण पदकांवर क्रम लावतात. त्या हिशेबानं गुमीत जपान आपल्या पुढं. सुवर्णाला ३, रौप्याला २ आणि कांस्याला १ गुण द्यायचा असं ठरवलं तर भारताचे होतात ५० आणि जपानचे ४९. एका गुणाचा फरक! कागद घ्या आणि करून बघा. म्हणजे "भारतानं जपानला मागं टाकलं" हे वाक्य खरं आहे, पण दोन्ही संघ जवळजवळ बरोबरीत होते हेही तितकंच खरं आहे.

आता हाच हिशेब मागं नेऊ. २०२३ला बँकॉकमध्ये भारताची पदकं होती २७: ६ सुवर्ण, १२ रौप्य, ९ कांस्य. क्रमांक तिसरा. गुमीत तीन पदकं घटली आणि क्रमांक एकानं वाढला. गुण काढले तर बँकॉकचे ५१ आणि गुमीचे ५०. माझ्या मते यातला शेवटचा आकडाच सगळ्यात जास्त सांगून जातो: दोन वर्षांत आपण होतो तिथंच, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला थांबणारे काही जण पहिले आले. तेही काही थोडं नाही. पण "पदकं घटली" म्हणून गळा काढणारे आणि "क्रमांक वाढला" म्हणून फटाके फोडणारे, दोघंही एकाच तक्त्याचं एकेक टोक धरून बसलेत.

तीन हजार मीटर आणि पस्तीस उड्या

पुढचं समजायला स्टीपलचेस म्हणजे काय ते कळलं पाहिजे. आपल्याकडं हा प्रकार फार जणांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

ट्रॅकवर ३००० मीटर पळायचं. वाटेत २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करायचा, एकूण ३५ उड्या. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट उंच. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा धक्का लागला की पडतो. हा पडत नाही. जाड, जड आणि जागचा न हलणारा. पाय अडकला तर आपणच पडतो.

पाण्याची उडी जवळून बघण्यासारखी असते. अडथळ्याला लागूनच खड्डा असतो, ३.६६ मीटर लांब, म्हणजे बारा फूट. त्याचा तळ उतरता असतो: अडथळ्याच्या बाजूला पाणी सगळ्यात खोल, पुढं जाल तसं उथळ होत शेवटी ट्रॅकला मिळतं. पळणारा एक पाय अडथळ्याच्या माथ्यावर टेकवतो, बुटाच्या खिळ्यांनी लाकूड पकडतो आणि तिथून स्वतःला पुढं ढकलतो. वर नव्हे, पुढं. जो वर उडतो तो खोल पाण्यात पडतो. जो नीट पुढं झेपावतो त्याचा एक पाय काठाजवळच्या उथळ पाण्यात पडतो आणि दुसरा कोरड्यावर. हे सात वेळा, दर वेळी आधीपेक्षा जास्त दमलेल्या पायांनी, आजूबाजूला आणखी दहा-बारा जण ढोपरं मारत असताना.

आता भरतीवाल्या पोरांसाठी. सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढला की पहिल्या गटाचे पूर्ण गुण, हे तुम्हाला पाठ आहे. साबळेची गुमीतली वेळ ८ मिनिटं २०.९२ सेकंद. त्याच सरासरीनं १६०० मीटरचा हिशेब केला तर येतात ४ मिनिटं २७ सेकंद. अडथळ्यांसकट, पाण्यासकट, आणि १६००ला न थांबता पुढं आणखी १४०० मीटर.

हळू पळून सुवर्ण आणि जोरात पळून अकरावा?

आता तो अवघड प्रश्न. आकडे शेजारी ठेवू.

२०१९, दोहा, हीच आशियाई अजिंक्यपद स्पर्धा: ८:३०.१९, रौप्य. २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल: ८:११.२०, रौप्य. २०२३, हांगझोऊ, एशियाड: ८:१९.५०, सुवर्ण. जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग: ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम, पण क्रमांक सहावा. ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक: ८:१४.१८, अकरावा. मे २०२५, गुमी: ८:२०.९२, सुवर्ण.

बघितलं का? त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वेगवान शर्यतीला पदक नाही. गुमीतल्या अविनाशपेक्षा ऑलिम्पिकमधला अविनाश जवळपास पावणेसात सेकंदांनी पुढं होता. त्या वेगाला हे अंतर साधारण ४० मीटर होतं. तरी एकाच्या गळ्यात सुवर्ण आणि दुसरा रिकाम्या हातानं परत.

याचं कारण शर्यती दोन जातींच्या असतात. आपल्या जत्रेत कुस्त्या होतात आणि काही गावांत शंकरपटही भरतो. कुस्तीत समोरच्याला चितपट केलं की झालं; तीन मिनिटांत केलं की तेरा, याचा इनामाशी संबंध नाही. शंकरपटात बैलजोडी सेकंदावर तोलतात. समोर कुणाची जोडी आहे यापेक्षा घड्याळ काय म्हणतं ते महत्त्वाचं. अजिंक्यपदाची शर्यत ही कुस्ती आहे. डायमंड लीग हा बराचसा शंकरपट आहे.

डायमंड लीग म्हणजे वर्षभर वेगवेगळ्या शहरांत होणाऱ्या निमंत्रितांच्या स्पर्धांची मालिका. तिथल्या लांब शर्यतींत पेसमेकर असतात. पेसमेकर म्हणजे सुरुवातीचे काही फेरे ठरलेल्या वेगानं पुढं पळून बाकीच्यांना ओढत नेणारा आणि मग बाजूला होणारा धावपटू. त्याचा फायदा असा की वारा तो अंगावर घेतो आणि वेगाची चिंता मागच्यांना राहत नाही. अजिंक्यपदात पेसमेकर नसतो. पुढं जायचं कुणालाच नसतं, कारण पुढं गेलेल्याच्या आडोशानं बाकीचे ताकद राखतात. मग शर्यत सुरुवातीला रेंगाळते आणि शेवटच्या फेऱ्यात सुसाट सुटते. एकूण वेळ वाईट दिसते. पण तो शेवटचा फेरा मारायला जे लागतं ते घड्याळात पूर्ण उतरत नाही.

त्यामुळं ८:२०.९२ बघून "पॅरिसपेक्षा फॉर्म घसरला" म्हणणं चूक. आणि सुवर्ण बघून "पॅरिसमध्ये कमी पडला होता, आता सुधारला" म्हणणंही चूक. पॅरिसमध्ये मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली ८:०६.०५मध्ये जिंकला, साबळेच्या आठ सेकंद पुढं. जगातले सगळे मल्ल त्या आखाड्यात होते. गुमीत आशियातले होते.

"मोठे खेळाडू आलेच नव्हते, मग त्यात काय मोठं?"

हा आक्षेप मी ऐकलाय आणि तो निम्मा बरोबर आहे, म्हणून टाळत नाही.

जपानचा र्‍युजी मिउरा हा आशियातला साबळेचा सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी. त्याची २०२३ची सर्वोत्तम वेळ ८:०९.९१ होती. साबळेनं पुढच्या वर्षी नेमकी तीच वेळ दिली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तीच! हा मिउरा गुमीत धावला नाही. त्यानंतर दीड महिन्यानं त्यानं मोनॅकोत ८:०३.४३ अशी वेळ दिली. आशियातला सगळ्यात वेगवान माणूस त्या शर्यतीत नव्हता, हे मान्यच करायला हवं. नीरज चोप्राही गुमीला गेला नव्हता.

पण भालाफेकीतच बघा. पाकिस्तानचा अर्शद नदीम, म्हणजे पॅरिस ऑलिम्पिकचा विजेता, गुमीत आला आणि ८६.४० मीटरवर सुवर्ण घेऊन गेला. आपल्या सचिन यादवनं ८५.१६ मीटर फेकून रौप्य घेतलं. ऑलिम्पिकविजेत्याच्या मागं सव्वा मीटरवर! कोण आलं नाही याची यादी करताना कोण आलं होतं याचीही करावी.

आणि साबळेच्या सुवर्णाचं एक वेगळं वजन आहे. आशियाई अजिंक्यपदात पुरुषांच्या स्टीपलचेसचं सुवर्ण भारताला याआधी १९८९मध्ये दीना रामनं मिळवून दिलं होतं. मधे ३६ वर्षं गेली. त्या ३६ वर्षांतही कधी कुणी आलं नसेल, कधी कुणी आजारी असेल, पण पहिला आपला कुणी आला नाही.

रंगानं फसवलेली पदकं

माझं मत विचाराल तर गुमीतली भारताची सगळ्यात भारी धाव साबळेची नव्हतीच. ती पारुल चौधरीची होती. महिलांच्या स्टीपलचेसमध्ये तिनं ९:१२.४६ अशी वेळ देऊन स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला आणि तिला मिळालं रौप्य. तिच्या पुढं होती कझाकस्तानची नोरा जेरुतो, २०२२ची जगज्जेती. जगज्जेतीच्या दोन सेकंद मागं, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र "पारुलला रौप्यावर समाधान" असा सूर होता. असला मथळा वाचला की मला खरंच राग येतो.

अनिमेष कुजूरचंही तसंच. २०० मीटरमध्ये २०.३२ सेकंद, राष्ट्रीय विक्रम, पदक कांस्य. ज्या अंतराच्या शर्यतीत भारतीय माणसाला वर्षानुवर्षं कुणी विचारत नव्हतं तिथं तो आशियात तिसरा आला.

म्हणून माझी विनंती एवढीच असते की पदकाचा रंग वाचला की शेजारची वेळ किंवा अंतर वाचा, आणि ती त्या खेळाडूच्या आधीच्या सर्वोत्तम कामगिरीजवळ ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. पेपरात नसेल तर मोबाईलवर वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सच्या संकेतस्थळावर खेळाडूचं नाव टाकलं की त्याचं सगळं खातं उघडतं, फुकट.

"नोरा जेरुतो तर केनियाची, ती आशियाई कशी?"

जन्मानं ती केनियाचीच. त्या शर्यतीतली कांस्यविजेती डेझी जेपकेमेईही केनियात जन्मली आणि आता कझाकस्तानकडून धावते. बहारीन आणि कतार यांनी तर हे कित्येक वर्षं केलंय. २०१९ला दोह्यात साबळेचं सुवर्ण हुकलं ते बहारीनकडून धावणाऱ्या केनियात जन्मलेल्या खेळाडूमुळंच.

नियम याला परवानगी देतो. नागरिकत्व बदलता येतं, पण नव्या देशाकडून उतरायला साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. आधी हे फार सैल होतं, २०१८मध्ये नियम कडक केले. केनियात स्टीपलचेस पळणारे इतके आहेत की तिथल्या संघात जागा मिळवणं हेच पदक मिळवण्याइतकं अवघड. मग चांगले धावपटू दुसरा देश शोधतात. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. आपल्याकडून ऊसतोडीला माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती काय हौसेनं जातात? उलट अशा खेळाडूंमुळं आशियाई स्पर्धेचा दर्जा वाढतो आणि पारुलच्या रौप्याची किंमतही.

या सुवर्णानं मिळतं काय?

मानाखेरीज दोन ठोस गोष्टी मिळतात. पहिली, जागतिक स्पर्धेचा रस्ता. तिथं जायला एकतर पात्रता वेळ द्यावी लागते (टोकियोतल्या २०२५च्या जागतिक स्पर्धेला पुरुषांच्या स्टीपलचेससाठी ती ८:१५.०० होती) किंवा जागतिक क्रमवारीत पुरेसं वर असावं लागतं. खंडाचा विजेता असणं ही तिसरी वाट. काही प्रकारांत त्याबाबतचा शेवटचा निर्णय स्पर्धेच्या तांत्रिक अधिकाऱ्यांकडं असतो. दुसरी गोष्ट म्हणजे क्रमवारीचे गुण. हे गुण दोन भागांचे असतात: कामगिरीचे वेगळे आणि क्रमांकाचे वेगळे. मोठ्या स्पर्धेत क्रमांकाचे गुण भरघोस मिळतात. म्हणून धीम्या शर्यतीतलं सुवर्णही कागदावर वाया जात नाही.

नोकरीचा विषय आपल्याकडं लगेच निघतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. साबळे मात्र त्या वाटेनं गेला नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीन आणि राजस्थान दोन्ही पाहिलं आणि स्पर्धेसाठी पळायला लागला ते त्यानंतर. स्टीपलचेसकडं वळला २०१७च्या सुमाराला, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली. पुढच्याच वर्षी त्यानं गोपाल सैनी यांचा १९८१पासूनचा, ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. आईवडील वीटभट्टीवर कामाला, शाळेला सहा किलोमीटर पायी, ही गोष्ट आपण सगळे अभिमानानं सांगतो. पण तो पाण्याचा खड्डा त्याला मराठवाड्यात मिळाला नाही, सैन्यात मिळाला. डांबरी रस्त्यावर पहाटे पळणारी आपली पोरं १६०० मीटरची तयारी करू शकतात. पस्तीस उड्यांची करू शकत नाहीत, कारण त्या शिकायला जागाच नाही. सत्कारासाठी शाल-श्रीफळ घेऊन उभं राहणाऱ्यांनी एखाद्या तालुक्याच्या मैदानावर अडथळे आणि खड्डा मागितला, तर मला जास्त बरं वाटेल.

गावातल्या फ्लेक्सवरचं "एशियन गोल्ड"

हे लिहायलाच हवं, कारण यात पालकांचे पैसे बुडतात. चौकाचौकांत फ्लेक्स दिसतात: "आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण", "एशियन चॅम्पियन". खाली दहावीतला मुलगा, ट्रॅकसूट, गळ्यात पदक. त्यातले काही अगदी खरे असतात. आशियाच्या १८ आणि २० वर्षांखालील अधिकृत स्पर्धाही असतात आणि तिथलं पदक म्हणजे मोठी गोष्ट आहे. पण पैसे भरले की प्रवेश, गेले की पदक, अशाही स्पर्धा भरतात आणि नावात "एशियन" किंवा "इंटरनॅशनल" कुणालाही लावता येतं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रात उघडकीला आलेली आहेत.

ओळखायचं कसं? खऱ्या आशियाई स्पर्धेला कुणी स्वतःहून जाऊ शकत नाही. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी चढण चढावी लागते आणि निवड भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ करतो. गुमीच्या आधी एप्रिल २०२५मध्ये कोचीला फेडरेशन स्पर्धा झाली, तिथली कामगिरी बघून संघ निवडला गेला. तेव्हा कुणी "नाव नोंदवा, एवढे हजार भरा, मुलाला एशियनला नेतो" म्हणाला तर एकच विचारा: निवड चाचणी कुठं झाली आणि तिचा निकाल कुठं बघायला मिळेल?

ज्येष्ठांच्या म्हणजे मास्टर्सच्या स्पर्धा यात धरू नका. ३५ वर्षांवरच्यांसाठी वयोगटानुसार त्या होतात, तिथं बहुतेक जण स्वतःच्या खर्चानंच जातात आणि त्यात गैर काही नाही. लातूरच्या साठीतल्या निवृत्त मास्तरांनी तिथं पदक आणलं तर जरूर सत्कार करावा. ती वेगळी स्पर्धा आहे, एवढं फक्त माहीत असावं.

पदक परत जातं तेव्हा

स्पर्धा संपल्यावर छापलेला तक्ता कायमचा नसतो. खेळाडूंचे नमुने तपासले जातात आणि त्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर पदक काढून घेतात. भारतालाही हे सोसावं लागलंय: २०१७च्या भुवनेश्वर स्पर्धेतलं महिलांच्या गोळाफेकीचं सुवर्ण आणि २०१९च्या दोह्यातलं महिलांच्या ८०० मीटरचं सुवर्ण, दोन्ही गेली. उलटंही झालंय. २०१८च्या एशियाडमध्ये आपल्या मिश्र रिलेला रौप्य मिळालं होतं. बहारीनची धावपटू दोषी ठरल्यावर त्याचं सुवर्ण झालं. म्हणून जुना तक्ता कुठं वेगळा दिसला तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका.

नागोयाला काय बघायचं

पुढचं एशियाड २०२६मध्ये जपानच्या आयची-नागोयात आहे. गुमीनंतर साबळेचं काय झालं हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये, मिउरानं ८:०३.४३ दिली त्याच शर्यतीत, पाण्याच्या उडीवर तो पडला. गुडघ्याची दुखापत गंभीर होती, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. स्टीपलचेसवाल्याचा गुडघा म्हणजे त्याचं सगळं भांडवल.

एशियाडला एका देशाचे एका प्रकारात दोनच खेळाडू उतरू शकतात. जपानकडून मिउरा उतरला तर ती शर्यत त्याच्या घरच्या मैदानावर असेल. साबळे तिथं उभा राहिला आणि समजा ८:१५च्या आसपास पळून तिसरा आला, तर टीव्हीवर पट्टी फिरेल: "सुवर्ण राखण्यात साबळेला अपयश". शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर आठ-पंधरा! ते कांस्य गुमीच्या सुवर्णापेक्षा मोठं असेल, आणि बीडच्या चौकात फ्लेक्स लावायचाच असेल तर तो त्या दिवशी लावावा, वेळ मोठ्या अक्षरात लिहून.